नऊ नंबरचा खांब

९ एप्रिल, मंगळवार

दुपारी साडेतीनला पोचलो. खांब नंबर नऊ. व्होल्टेज २०६. बरं नाही, पण चालेल.

वही नवी आहे, खोड जुनी. चौतीस वर्षं सबस्टेशनमध्ये टेबलाशी बसून दर तासाला आकडे लिहिले. निवृत्त झाल्यापासून हात नुसते शिवशिवत होते. आता लेकीनंच काम लावून दिलंय: आईच्या मशीनची रोज नोंद ठेवायची. तिची अट निघताना फाटकाशी पुन्हा एकदा ऐकवून झाली. "बाबा, मशीन एकदा जरी बंद पडलं तरी गाडी वळवायची आणि सरळ घरी यायचं. वाद नको." मी हो म्हटलं. ही पुढच्या सीटवर बसून पट्टा लावत होती.

मशीन म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकाशी पोचवणारं. दोन वर्षांपूर्वीच्या न्यूमोनियानंतर हिची फुप्फुसं पूर्वीसारखी झालीच नाहीत. झोपेत नळी हवीच, दिवसा थोडी थोडी काढली तरी चालेल, असं डॉक्टर म्हणाले. मी "थोडी थोडी"च्या भानगडीत पडत नाही. जेवण आणि आंघोळ सोडून नळी लावलेली असते.

राहायची-झोपायची सोय असलेल्या या कॅराव्हॅनमधून समुद्रापर्यंत जायचं हे हिचं मनात धरलेलं. सहा मुक्काम, दोन महिने. मला विचाराल तर घरी पंखा, डॉक्टर आणि स्थिर व्होल्टेज असताना हा उपद्व्याप कशाला, पण हॉस्पिटलातून आल्यावर तिनं एवढी एकच गोष्ट मागितली होती.

जागेवरून थोडं वाजलं. हे अशा गाड्या लावायचं मैदान; इथं एका रांगेत बारा खांब आहेत, प्रत्येक खांबाला सॉकेट, त्यात आपली वायर खुपसायची. पुढच्या बाजूचे आठ भरलेले. ही म्हणाली, "अहो, त्या अकरा नंबरवर लावा की. झाडाखाली. समोर तळं पण दिसेल." मी मीटर घेऊन दोन्ही खांब मोजले. नऊवर २०६, अकरावर २०३. तीन व्होल्टचा प्रश्न आहे, असं तिला समजावलं.

"तीन व्होल्ट म्हणजे किती सावली?" तिनं विचारलं.

हिला कधी काय सुचेल सांगता येत नाही. गाडी नऊवर लावली. ऊन चांगलंच आहे.

१० एप्रिल, बुधवार

सकाळी सहाला २३१. दुपारी एकला १९८. संध्याकाळी सातला १८७.

ही रांग म्हणजे एकच वायर आहे. ऑफिसजवळच्या बोर्डापासून निघते आणि खांबाखांबाला देत देत शेवटपर्यंत जाते. नळाच्या पाण्यासारखंच. सगळ्यांनी तोट्या सोडल्या की शेवटच्या घरी थेंब थेंब. मी जन्मभर टाकीजवळ बसलो. शेवटच्या नळाची तक्रार मला फोनवर ऐकू यायची, आणि मी "लाइनवर लोड आहे" म्हणून फोन ठेवायचो.

सात वाजून दहा मिनिटांनी मशीन वाजलं. तीन बारीक शिट्ट्या, लाल दिवा. मी एसी बंद केला, दिवा हिरवा झाला.

लेकीला कळवलं नाही. वाजलं, बंद पडलं नाही. अट बंद पडण्याची आहे.

११ एप्रिल, गुरुवार

डिकीतून मोठा स्टॅबिलायझर काढला. घरून आणताना ही हसली होती. "सतरा किलोचा पाहुणा" म्हणाली होती. आता बघ म्हणावं. बाहेर १८५, आत २२८. सुई हलत नाही.

आता एसी बिनधास्त दिवसभर. खिडक्या घट्ट बंद, धुळीचा कण नाही. पाणी गरम करायचा हीटर, शेगडी, सगळं एका वेळी चाललं तरी मशीन चूं करत नाही. संध्याकाळी बोटाला क्लिप लावून हिचा ऑक्सिजन बघितला: ९१. थोडा कमी वाटतो, पण प्रवासाचा शीण असणार.

हिनं शाल पांघरली आहे. चाळीस डिग्रीत शाल. गंमत आहे.

१३ एप्रिल, शनिवार

बारा नंबरवर, रांगेच्या अगदी टोकाला, एक बाई एकट्याच राहतात. सत्तरीच्या असतील. पायरीवर बसून सतत काहीतरी विणत असतात, म्हणून आमच्यात त्यांचं नाव विणकामबाई. आज सकाळी त्या दारात आल्या. फ्रीज सुरू होत नाही म्हणाल्या. "घरघर करतो, एक उडी मारतो आणि गप्प बसतो. त्यात माझी इन्सुलिनची इंजेक्शनं आहेत हो."

फ्रीजला काही झालेलं नव्हतं. त्यांच्या खांबावर मीटर लावला तर १७९! एवढ्यावर कॉम्प्रेसर उठणार कसा? उठायला बघतो, तापतो, बसतो. असाच चार दिवस चालला तर जळेल.

ही तोवर त्यांची इंजेक्शनं डब्यात घालून आपल्या फ्रीजमध्ये ठेवून मोकळी झाली होती. चांगलं केलं. आपल्याकडे २२८ आहे.

पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रांगेत कोणीतरी अधाशी बसलंय. स्वतःपुरतं ओढायचं आणि टोकाच्या बाईची औषधं नासली तरी फिकीर नाही, ही कसली माणुसकी? सात नंबरच्या गाडीत दोन फ्रीज आहेत, मी डोळ्यांनी पाहिले. मोठ्या मिशांचे गृहस्थ. बघून हसतात, पण हसण्यावर काय जातंय.

पाचला फिरायला निघालो. तळ्याला वळसा घालून बारा नंबरपाशी आलो, सहज मीटर लावला: २०८. चमत्कार! साडेसहाला गाडीत आलो, सातला पुन्हा जाऊन बघितलं: १८१. म्हणजे मिशीवाले पाच ते सात कुठे तरी जातात.

मीटर लावला तेव्हा ही तिथेच विणकामबाईंच्या पायरीवर बसली होती. नळीशिवाय! चांगलाच बोललो. ती पुढे गेली, मी मीटर आवरून मागून गाडीत आलो आणि क्लिप लावली तर ९४. दिवसभराच्या मशीनचा असर टिकून होता म्हणून बरं.

१५ एप्रिल, सोमवार

लेकीचा फोन. व्होल्टेज सांगितलं. "वा, बाबा!" म्हणाली. मग मी फोन हिला दिला.

"मी बरी आहे गं," हिनं सांगितलं. "फक्त गाडीत गारठते." थोडं थांबून म्हणाली, "आणि इथं तळं आहे म्हणे."

तळं आहे म्हणे काय? पावणेदोनशे पावलांवर आहे. मला कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

आज खरं लिहितो, कारण ही वही कोणी वाचणार नाही. मला भीती वाटते. हॉस्पिटलात अकरा दिवस काचेपलीकडून तिच्याकडे बघत होतो आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. तिथल्या पडद्यावरचे आकडे मला वाचता येत होते, एवढाच आधार. आकडा वर गेला की माझा जीव खाली यायचा. अजून ती खोकली की माझ्या हातातलं काम थांबतं. तिच्याशिवाय मी काय करणार, हे मी कधी कोणाला विचारलेलं नाही, तिलाही नाही. मीटर धरता येतो, तो धरतो.

आजची क्लिप: सकाळी ९२, दुपारी ९१, फिरून आल्यावर ९४.

१६ एप्रिल, मंगळवार

ऑफिसात जाऊन मॅनेजरबाईंना गाठलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पायात बूट, एका जागी उभ्या म्हणून राहत नाहीत. मी त्यांच्यामागून चालत चालत तक्रार केली.

"काका, वायर जुनी आहे, बारीक आहे, मान्य," त्या म्हणाल्या. "बदलायची मागणी केलीय. पण गेल्या आठवड्यापर्यंत बारा नंबरचा फ्रीज व्यवस्थित चालायचा. आजी गेल्या तीन महिन्यांपासून आहेत, एकदा तक्रार नाही."

म्हणजे गुन्हेगार नवा आहे! मी रजिस्टर बघू का विचारलं. मिशीवाले आठ तारखेला आलेत. आम्ही नऊला. एका दिवसाचा फरक, पण धागा सापडला.

मी त्यांना उपाय सुचवला. परवा दुपारी तीनला सगळ्यांना सांगून एकेक खांब बंद करायचा, मी टोकाला मीटर लावून उभा राहतो. ज्याचा खांब बंद केल्यावर आकडा उडी मारेल, तो चोर. सबस्टेशनमध्ये फीडरचा, म्हणजे तिथून निघणाऱ्या लाइनचा, दोष असाच शोधायचे. मॅनेजरबाईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "सगळ्यांचे खांब ना, काका?" म्हणाल्या. म्हटलं, एकूण एक.

हिला सांगितलं. ती इंजेक्शनांच्या डब्यावर विणकामबाईंचं नाव लिहीत होती. "करा," एवढंच म्हणाली.

१८ एप्रिल, गुरुवार

काय लिहू आणि कुठून लिहू.

क्रमानंच लिहितो. तीनला सुरुवात. यादी मीच केली होती, रेघा मारून, खांबाचा नंबर, माणूस, बंद केल्याची वेळ, आकडा. बारा खांब, पैकी दहा आणि अकरा रिकामे. यादीत नऊ नावं. मिशीवाल्यांचं नाव मी सर्वांत वर लिहिलं होतं, नंबर सात असूनही.

मी बारा नंबरपाशी मीटर लावून उभा. विणकामबाई पायरीवर, सुया मांडीवर ठेवून. मॅनेजरबाई रांगेतून चालत एकेक बटण पाडत होत्या आणि ओरडून नंबर सांगत होत्या. सुरुवातीला १७८. सात बंद: १८१. फक्त तीन! माझा विश्वासच बसेना. मग एक, दोन, तीन, करत करत सगळे. शेवटी बारा.

१९१.

सगळं बंद असताना २२८ च्या आसपास हवं. सदतीस व्होल्ट कोणीतरी खात होतं. मी मीटरच्या तारा काढून पुन्हा लावल्या. १९१. तोवर अर्धी रांग माझ्याभोवती जमली होती. मिशीवाले माझ्या खांद्यावरून यादीत डोकावले. "काका, यादी तर संपली," ते म्हणाले. "मग हा कोण खातोय?"

मी म्हटलं, जमिनीत गळती असणार. वायर कुठेतरी उघडी पडली असणार. खणावं लागेल. मी आणखीही काय काय बोललो.

आणि मीटरवर आकडा फिरला. २२९.

मी वर बघितलं. नऊ नंबरच्या खांबाशी ही उभी होती. नळी नाही, अंगावर शाल, आणि हातात आमच्या वायरचा प्लग.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी मीटर तिथेच टाकून धावलो. "आधी मशीन! मशीन लाव!" ओरडत होतो. ती म्हणाली, "मला काही झालेलं नाही. इतकं धावू नका, तुमचाच श्वास लागलाय." मला खरंच लागला होता. मग तिनं माझ्या हातातली यादी घेतली, बोट वरून खाली नेलं आणि म्हणाली, "यात आपलं नाव नाही."

नव्हतंच. मी लपवलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नाही. सबस्टेशनच्या स्वतःच्या इमारतीचे दिवे, पंखे, साहेबांच्या केबिनचा एसी हे कधी फीडरच्या तक्त्यात लिहायचं नसतं. तो घरचा लोड. तो वेगळा काढलेला असतो. चौतीस वर्षं मी लोकांचा लोड लिहिला आणि घरचा सोडला. इथंही सोडला.

आणि स्टॅबिलायझर! मी शिकाऊ मुलांना फळ्यावर काढून दाखवायचो: स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही, लाइन पडली की आत आकडा टिकवायला तो बाहेरून जास्त ओढतो, आणि शेजारच्याचं आणखी पडतं. एसी, हीटर, शेगडी, सगळं त्यावर. सात दिवस मी आत २२८ लिहीत होतो आणि ते सगळं विणकामबाईंच्या फ्रीजमधून येत होतं.

तिनं प्लग वीस मिनिटं हातातून सोडला नाही. रांगेतले खांब पुन्हा सुरू झाले, बारा नंबरचा फ्रीज उठला, चालू लागला, तो आवाज ऐकल्यावर तिनं प्लग मला दिला.

१९ एप्रिल, शुक्रवार

एसी बंद. खिडक्या उघड्या. स्टॅबिलायझर डिकीत.

सकाळी विणकामबाईंकडे गेलो. माफी कशी मागायची याचं वाक्य रस्त्याभर जुळवलं होतं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं माझा फ्रीजच म्हातारा झाला. मी त्याला रोज शिव्या घालत होते हो." मिशीवाल्यांकडेही गेलो. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "माझं नाव पहिलं का होतं, तेवढं सांगा." मी मिशांबद्दल काही बोललो नाही.

दुपारी वही पहिल्यापासून वाचली. दोष शोधायचा तर तक्ता पुन्हा वाचायचा, हा नियम आहे. व्होल्टेज सोडून फक्त क्लिपचे आकडे एका कागदावर उतरवले. ११ ला ९१. १३ ला फिरून आल्यावर ९४. १५ ला ९२, ९१, आणि फिरून आल्यावर ९४. मधल्या दिवसांचे वहीच्या कडेला खरडलेले होते, तेही तसेच. काल प्लग काढल्यावर, पायरीवर बसवून: ९५.

कालचा सोडला तर चांगला आकडा प्रत्येक वेळी मी गाडीत नसतानाचा. माझ्याच अक्षरात लिहिलेला.

हिला कागद दाखवला. विचारलं, मी गेल्यावर तू काय करायचीस?

"तुम्ही तळ्याच्या वळणावर दिसेनासे झालात की सगळं बंद करायचे आणि बाहेर जाऊन बसायचे," ती म्हणाली. "त्या डब्यात मला कोंडल्यासारखं होतं. बाहेर वारा असतो. तुम्ही परत येताना दिसलात की सगळं परत लावायला उठायचे आणि बाईंना सांगायचे, आला माझा इन्स्पेक्टर."

पाच ते सात मिशीवाले कुठेही जात नव्हते.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. पहिल्या दिवशी. झाडाखाली लावा म्हटलं होतं."

मी वहीचं पहिलं पान उलटून बघितलं. ती म्हणाली, "तुम्ही घाबरलेले असता ना, तेव्हा फार बारीक अक्षर काढता. मी वही वाचत नाही, पण अक्षर दिसतं लांबून."

संध्याकाळी लेकीला फोन केला. सगळं सांगितलं, दहा तारखेच्या शिट्ट्यांपासून. मशीन काल वीस मिनिटं बंद होतं, हेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, ठरलं होतं आपलं. परत या."

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं होतं. हिनं फोन घेतला.

"हे बघ, मशीनला काही झालं नाही. मी माझ्या हातानं बंद केलं आणि वीस मिनिटं उन्हात उभी राहिले. तुझ्या बाबांचा श्वास लागला, माझा नाही." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "नाही. अट तुझी आणि बाबांची होती, मला कोणी विचारलंच नव्हतं. झोपताना नळी लावीन, दमले की लावीन. आणि आम्ही समुद्रापर्यंत जाणार आहोत. तू रागावलीस तरी चालेल, पण रोज फोन कर."

फोन ठेवल्यावर मी तिचे हात माझ्या हातात धरले. क्लिप लावावीशी वाटली. लावली नाही.

२१ एप्रिल, रविवार

काल गाडी अकरा नंबरवर हलवली. नवी पद्धत अशी: सकाळी सहाला रांग झोपलेली असते, खांबावर २३१ असतं, तेव्हा गाडीच्या बॅटऱ्या भरून घ्यायच्या. संध्याकाळी लोड वाढला की मशीन बॅटरीवर, खांबावरून फक्त एक दिवा आणि फ्रीज. ही मांडणी पहिल्या दिवशीही करता आली असती. बॅटऱ्या तेव्हाही होत्या. इंजेक्शनांचा डबा विणकामबाईंच्या फ्रीजमध्ये परत गेला.

आणखी आठ दिवस इथं, मग पुढचा मुक्काम. हे हिनं ठरवलं.

काल पाच वाजता मी सवयीनं चपला घातल्या. ही झाडाखाली खुर्ची टाकून बसली होती, समोर तळं, मांडीवर बाईंनी दिलेल्या सुया आणि एक वाकडातिकडा पट्टा. काय विणतेय ते तिलाही माहीत नसावं.

"निघालात?" तिनं विचारलं.

इतके दिवस ती या वेळेची वाट बघायची, आणि मी गेलो की तिला बरं वाटायचं. हे मी परवापर्यंत वहीत लिहीत होतो आणि मला दिसत नव्हतं. मी तसाच उभा राहिलो. मग विचारलं, "मी इथं बसलो तर चालेल?"

तिनं पाय थोडे बाजूला घेतले. दुसरी खुर्ची झाडाला टेकवून ठेवली होती, कधी ठेवली होती कोण जाणे.

"बसा," ती म्हणाली. "पण मोजू नका."